दुसऱ्या वर्षीचे फूल

लिलीचा कंद विकत आणून कुंडीत लावला आणि दोन-तीन महिन्यांनी त्यावर फूल उमलले, तर लावणाऱ्याला आनंद होतो आणि तो व्हावाही. पण त्या फुलाचे बरेचसे श्रेय दुसऱ्याच कुणाचे तरी असते. बाजारात येणारे बहुतेक कंद नेदरलँड्स, चिली किंवा न्यूझीलंड यांसारख्या देशांतल्या थंड हवेच्या आणि हलक्या, निचऱ्याच्या जमिनींवर एक-दोन हंगाम वाढवलेले असतात. काढणीनंतर ते ओलसर पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशात, भरून आधी काही आठवडे थंडाव्यात आणि मग शून्याच्या किंचित खालच्या तापमानात ठेवले जातात. कंद आपल्या हाती येतो तेव्हा त्याचा हिवाळा पार पडलेला असतो आणि पहिल्या फुलापुरती शिदोरी त्याच्या खवल्यांमध्ये बांधलेली असते. आपण त्याला पाणी दिले आणि अगदीच भाजून काढले नाही, तर तो फुलतो. अवघड हवामानात लिली खरोखर वाढवता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पहिल्या फुलात मिळत नाही. ते दुसऱ्या वर्षीच्या फुलात असते, असे माझे मत अनेक हंगामांनंतर पक्के झाले आहे.

लिली म्हणजे येथे लिलियम या वंशातल्या वनस्पती, एवढे आधी स्पष्ट करायला हवे. डे-लिली, रेन-लिली, पीस-लिली या वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशा उष्णतेत कितीतरी अधिक सोशीक आहेत. ज्याला तापलेल्या गच्चीवर कमी कष्टात फुले हवी आहेत, त्याने खुशाल रेन-लिली लावावी; त्यात कमीपणा काही नाही. खऱ्या लिलीचे शंभरएक जातींचे सगळे घराणे उत्तर गोलार्धाचे आहे आणि त्यातही समशीतोष्ण प्रदेशांचे. या घराण्यातली सर्वांत दक्षिणेकडची जात, लिलियम नीलगिरेन्स, विषुववृत्ताच्या त्या मानाने जवळ पोचली आहे खरी. परंतु तीसुद्धा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर उंचावरच राहते, खाली मैदानात उतरत नाही. लिलीला उष्ण कटिबंध वर्ज्य नाही, मात्र तेथली गरम रात्र तिला मानवत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. वनस्पती दिवसा उन्हात अन्न तयार करते आणि रात्री श्वसनात त्यातले काही खर्च करते. रात्र जितकी उष्ण, तितका हा खर्च अधिक. दिवसाचा कडक उन्हाळा सावलीने, आच्छादनाने, पाण्याने थोडाबहुत मऊ करता येतो, पण रात्रीचे तापमान उतरवण्याचा उपाय गच्चीत बाग करणाऱ्याच्या हाती नसतो. परिणामी खोड आखूड राहते, कळ्या कमी लागतात, लाल-गुलाबी रंग फिकट उतरतात, फूल लवकर कोमेजते आणि फुलानंतर कंदात साठायला फारसे काही उरत नाही.

या कंदाची रचना समजून घेतल्याशिवाय कुंडीची निवडही नीट करता येत नाही. कांद्याला किंवा ट्यूलिपच्या कंदाला कोरडे पातळ आवरण असते. लिलीच्या कंदाला ते नसते. एकावर एक बसलेले मांसल खवले थेट उघड्यावर असतात. त्यामुळे हा कंद हवेत ठेवला की सुकतो, ओल्या चिखलात ठेवला की कुजतो आणि कागदी पिशवीत घालून महिनोन्‌महिने माळ्यावर टाकून देण्याच्या लायकीचा तो कधीच नसतो. वर खोड वाळून गेल्यावरही आत त्याचे काम मंद गतीने चालूच असते आणि मुळे जिवंत असतात. शिवाय बहुतेक लिलींना मुळांचे दोन संच असतात: एक कंदाच्या तळाशी, जो रोपाला धरून ठेवतो आणि वर्षभर टिकतो, दुसरा कंदाच्या वर, जमिनीत गाडलेल्या खोडाच्या भागावर, जो दर हंगामात नव्याने फुटतो आणि वाढत्या रोपाचे बरेचसे पाणी व पोषण ओढतो. हा दुसरा संच फुटायला कंदाच्या वर दहा ते पंधरा सेंटिमीटर माती लागते आणि ती सुरुवातीचे काही आठवडे गार असावी लागते. व्यावसायिक उत्पादक या पहिल्या टप्प्यात मातीचे तापमान 12 ते 13 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्याची धडपड करतात, ती त्यासाठीच. मातीच गरम असेल तर खोड भराभर वर धावते, खोडावरची मुळे मात्र मागे राहतात आणि रोप कंदातल्या साठ्यावरच जगू लागते. पहिल्या वर्षी हे लक्षातही येत नाही, कारण साठा मुबलक असतो.

आता कुंडी. जमिनीतली माती थोड्या खोलीवर गेली की दिवस-रात्रीचे चढउतार तिला फारसे जाणवत नाहीत. कुंडीतल्या मातीला असे खोल अंतरंगच नसते. उन्हाची तिरीप थेट बाजूवर पडली तर काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कडेची माती चाळीस अंशांच्या पुढे सहज जाते आणि मुळांची टोके नेमकी त्याच कडेला गुंडाळी घेत वाढत असतात. ज्या प्रदेशात हिवाळा कडाक्याचा असतो, तेथे हाच प्रकार उलट्या दिशेने होतो. जमिनीत सुखरूप राहणारा कंद कुंडीत चारही बाजूंनी गोठतो, दिवसा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सलग थंडीपेक्षा हा वारंवारचा हेलकावाच त्याला संपवतो. उष्ण आणि अतिथंड या दोन टोकांच्या हवामानांत कुंडीची समस्या मुळात एकच आहे: बाजूच्या भिंती फार पातळ असतात. उपायही म्हणून एकाच जातीचे. कुंडी मोठी घ्यावी, कारण मातीचे वस्तुमान जितके अधिक तितकी ती सावकाश तापते आणि सावकाश निवते. एका कुंडीत दुसरी ठेवून मधली फट वाळलेल्या पानांनी किंवा नारळाच्या काथ्याने भरावी. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि लिलीची कुंडी घोळक्याच्या मध्ये असावी. उष्ण व कोरड्या हवेत न रंगवलेली मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून बाष्प होते आणि ते होताना मातीतली उष्णता घेऊन जाते. दमट हवेत मात्र हा लाभ फारच थोडा मिळतो आणि तेथे मातीच्या कुंडीचा आग्रह मी धरणार नाही.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापराचे तुकडे घालण्याची प्रथा इतकी रुजलेली आहे की तिच्याविरुद्ध बोलणे धाडसाचे वाटते. तरीही लिलीपुरते तरी बोलायलाच हवे. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. माती आपल्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये ते धरून ठेवते आणि वरचा थर पूर्ण भिजून तुडुंब झाल्याखेरीज ते पुढे सरकत नाही. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा पाण्याने भरलेला एक थर राहतोच, आणि त्याची जाडी कुंडीच्या उंचीवर ठरत नाही, मातीच्या पोतावर ठरते. खाली खडी घातली की हा चिंब थर खडीच्या उंचीएवढा वर सरकतो, म्हणजेच कंदाच्या जवळ येतो. ज्या कंदाला आवरण नाही आणि ज्याचा तळ बुरशीला सर्वांत आधी बळी पडतो, त्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. खरा उपाय उथळ कुंडीऐवजी खोल कुंडी घेणे हा आहे. तीस सेंटिमीटर खोली मी किमान मानतो. मिश्रण तळापासून वरपर्यंत एकसारखे भरभरीत असावे: कोकोपीट, जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे, फुगवलेले खनिज दाणे) आणि पूर्ण कुजलेले खत, पण खत हात राखून. तळाच्या छिद्रावर जाळीचा एक तुकडा पुरतो.

थंडीची गरज हा या सगळ्यातला सर्वांत हट्टी भाग आहे. कंद फुलासाठी सज्ज होतो तो काही आठवड्यांच्या ओलसर गारव्यानंतर. लिलियम लाँगिफ्लोरम या शुभ्र कर्ण्यासारख्या लिलीसाठी उत्पादक साधारण सहा आठवडे, म्हणजे हजारएक तास, चार ते सात अंशांचा गारवा देतात. एशियाटिक आणि विशेषतः ओरिएंटल या बागायती लिलींच्या दोन मोठ्या गटांतल्या संकरांना त्याहून अधिक काळ लागतो. जेथे हिवाळा नावापुरताच येतो तेथे ही थंडी घरच्या फ्रीजमधून द्यावी लागते. हंगाम संपून खोड वाळले की कंद उकरून, कुजलेली मुळे कापून, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून छिद्रे पाडलेल्या पिशवीत ठेवायचे, हे काम अवघड नाही. अडचण येते ती शेजारच्या फळांची. पिकणारी सफरचंदे, केळी, आंबे इथिलीन वायू सोडतात आणि तो कंदातल्या कोवळ्या कोंबाला बाधतो. पुढे रोप छान वाढते, पण कळ्या आतच करपतात किंवा वाटाण्याएवढ्या होऊन गळतात, आणि आपण दोष खताला देत बसतो. फळांच्या कप्प्यात कंद ठेवू नयेत. शक्य असल्यास वेगळा फ्रीजच बरा, मग तो जुना आणि कुरकुरणारा का असेना. थंडीनंतर पुन्हा कुंडीत लावलेल्या कंदाचा कोंब दिसू लागला की कुंडी थेट उन्हात न आणता घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात दोन-तीन आठवडे ठेवावी, म्हणजे खोडावरची मुळे फुटायला अवधी मिळतो. ही एक पायरी दुसऱ्या वर्षीच्या फुलासाठी मला इतर सर्व खटपटींपेक्षा मोलाची वाटते.

जातीची निवड ही त्याहूनही आधीची गोष्ट, आणि येथे लोक बहुधा चित्र पाहून निवडतात. ओरिएंटल संकरांची फुले मोठी, सुगंधी आणि मोह घालणारी असतात, परंतु त्यांचे पूर्वज लिलियम ऑरॅटम आणि लिलियम स्पेसिओसम हे जपानच्या डोंगरउतारांवरचे. त्यांना आम्लधर्मी, पानमातीने भरलेली, गार आणि उत्तम निचऱ्याची जागा लागते. या गटातल्या काही वाणांची वरची कोवळी पाने कळ्यांच्या सुमारास कडेने करपतात, तो रोग नसून कॅल्शियम वेळेवर न पोचल्याचा परिणाम असतो. हवा दमट आणि ढगाळ असली की पानांतून बाष्प बाहेर जात नाही, बाष्प गेले नाही की मुळांकडून पाणी वर चढत नाही आणि त्याच्याबरोबर येणारे कॅल्शियमही अडकून पडते. नंतर अचानक कडक ऊन पडले की नुकसान दिसून येते. उष्ण-दमट ठिकाणी ओरिएंटल लिली एका वर्षाची पाहुणी म्हणून आणावी, तिच्याकडून मुक्कामाची अपेक्षा ठेवू नये.

याउलट लिलियम लाँगिफ्लोरम मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या रिउक्यू बेटांची आणि तैवानची, समुद्राकाठच्या प्रवाळखडकांत उगवणारी. उष्णता, खारा वारा आणि चुनखडी या तिन्हींची तिला सवय आहे. एशियाटिक लिलीशी तिचा संकर करून तयार झालेले एलए गटाचे वाण बाजारात सर्वत्र मिळतात आणि उष्ण ठिकाणी नवख्या माणसाने सुरुवात त्यांच्यापासून करावी, असे मी सुचवीन. तैवानचीच लिलियम फॉर्मोसॅनम बियांपासून वर्षाच्या आत फुलते, जी या घराण्यात विरळ गोष्ट आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत तर ती बागेबाहेर पसरून तण म्हणून गणली जाते. जिच्यासाठी एकीकडे माणसे फ्रीजमध्ये जागा करतात, तिच्याच सख्ख्या बहिणीला दुसरीकडे उपटून टाकावे लागते, याची मला मौज वाटते. आणि जेथे उन्हाळा कोरडा कडकडीत पण हिवाळा ओला व सौम्य असतो, तेथे भूमध्य सागराभोवतीची लिलियम कँडिडम शोधावी. क्रीटच्या प्राचीन भित्तिचित्रांत रंगवलेली लिली बहुधा हीच. ती उन्हाळ्यात झोपते, शरद ऋतूत पानांचा झुबका काढते आणि वरच्या सगळ्या नियमांना अपवाद ठरते: तिला खोडावर मुळे फुटत नाहीत, म्हणून तिचा कंद जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर मातीखाली लावायचा असतो. इतर लिलींसारखी खोल पुरली तर ती रुसून बसते.

अवघड हवामान म्हटले की मला लिलियम रीगालचे मूळ गाव आठवते. चीनच्या सिचुआन प्रांतातली मिन नदीची दरी उन्हाळ्यात होरपळणारी, हिवाळ्यात गोठणारी आणि वाऱ्याने झोडपली जाणारी आहे. अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिसंग्राहकाला ही लिली तेथे 1903 मध्ये आढळली. पुढे 1910 मध्ये पुष्कळ कंद गोळा करण्यासाठी तो परत गेला, तेव्हा दरड कोसळून त्याचा पाय मोडला आणि जन्मभर तो थोडा लंगडत चालला. एवढ्या कठोर दरीतून आलेली ही लिली आज थंड प्रदेशांतल्या बागांत सहज वाढणाऱ्यांपैकी मानली जाते. तिची उलट बाजू म्हणजे मणिपूरच्या शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी लिलियम मॅक्लिनी. फ्रँक किंग्डन-वॉर्ड या दुसऱ्या वनस्पतिसंग्राहकाने ती 1946 मध्ये गोळा केली आणि तिचे नाव त्याची पत्नी जीन मॅक्लिन हिच्यावरून पडले. उंचावरची गार, धुक्याची हवा सोडून तापलेल्या मैदानात ही लिली आणली, तर मोठी कुंडी आणि निगुतीची देखभाल असूनही ती तग धरेल असे मला वाटत नाही. या दोघींकडे पाहून मी एवढेच शिकलो की, अवघडपणा कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे: टोकाचा पण ऋतूंप्रमाणे बदलणारा, की सौम्य दिसणारा पण वर्षभर न बदलणारा. पहिल्याशी जमवून घेणाऱ्या लिली बऱ्याच आहेत. दुसऱ्याशी जमवून घेणाऱ्या फार थोड्या.

उन्हाचे आणि पाण्याचे लवकर आटोपतो. सकाळचे ऊन द्यावे, दुपारचे टाळावे. पूर्ण सावलीत खोड उजेडाकडे कलते आणि कळ्या गळतात. माती नेहमी ओलसर पण कधीही चिंब नसावी आणि पाणी मातीला द्यावे, पानांना नाही, कारण लिलीवर येणारा बोट्रायटिस बुरशीचा करपा ओल्या पानांवरच रुजतो. पावसाळी हवेत कुंडी छपराखाली घ्यावी; कुंडीचा जमिनीहून असलेला हा एक निर्विवाद फायदा. मावा दिसताच आवरावा, तो रस शोषतो यापेक्षा विषाणू पसरवतो म्हणून. पानांवर चट्टेपट्टे आणि वाकडेपणा दिसणारे रोप वाचवण्याचा मोह धरू नये, कंदासकट फेकावे. आणि घरात मांजर असेल तर ही हौस करूच नये. लिलियमची पाने, फुले, परागकण, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते, आणि बंद गॅलरीत मांजराला कुंडीपासून दूर ठेवता येते यावर माझा विश्वास नाही.

फूल कोमेजले की बहुतेकांचे लक्ष कुंडीवरून उडते, आणि दुसऱ्या वर्षीचे फूल नेमके तेथेच हुकते. किती कळ्या लागणार हे मुख्यतः कंदाच्या आकारावर ठरते. म्हणून तर कंद घेराने मोजून विकले जातात आणि सोळा सेंटिमीटर घेराच्या कंदाला बारा सेंटिमीटरच्या कंदापेक्षा अधिक किंमत पडते. फुलाने रिकामा केलेला हा घेर भरून काढायचे काम उरलेले हिरवे खोड करते. वाळलेली फुले बीज धरण्याआधी खुडावीत, परंतु खोड आणि पाने पिवळी होऊन आपण होऊन सुटेपर्यंत कापू नयेत. फुलदाणीसाठी फूल हवेच असेल तर खोडाचा वरचा तिसरा हिस्सा घ्यावा, त्याहून जास्त नाही. फुलानंतरचे सहा-आठ आठवडे पाणी आणि सौम्य, पोटॅशयुक्त खत नियमित चालू ठेवावे, मग हळूहळू पाणी आटते घ्यावे. दिसायला हा काळ कंटाळवाणा आहे: उंच, फुलहीन, खालून पिवळी पडत जाणारी काठी कुंडीत उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती काढून का टाकत नाही असे वाटते. लिली वाढवणे म्हणजे माझ्या लेखी मुख्यत्वे ही काठी सांभाळणे.

खोड सुटल्यावर कंद हातात घेतला की वर्षाचा हिशेब समोर येतो. तो आला होता त्याहून मोठा किंवा तेवढाच असेल, तर त्या जातीला आपली हवा मानवली. लहान झाला असेल, खवले सैल पडले असतील, किंवा एका मोठ्या कंदाच्या जागी पाच-सहा किरकोळ कंद दिसत असतील, तर पुढच्या वर्षी पाने येतील, फूल येईलच असे नाही. सलग दोन वर्षे घटत गेलेली जात मी पुन्हा आणत नाही, मग तिचे फूल कितीही देखणे असो.

टिकलेल्या कंदाचे बाहेरचे चार-पाच घट्ट खवले, ते ज्या तळाच्या चकतीला जोडलेले असतात तिच्या बारीक तुकड्यासकट, अलगद सोडवून, ओलसर कोकोपीटच्या पिशवीत उबदार अंधारात ठेवले, तर दोन-तीन महिन्यांत त्यांच्या तळाशी गव्हाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढे नवे कंद धरतात. त्यांना थंडीची एक पाळी देऊन छोट्या कुंड्यांत लावावे आणि दोन-तीन वर्षे फुलाची वाट पाहावी. पहिल्या हंगामात प्रत्येकाला एखाद-दुसरे पानच येते आणि ते सगळ्या जातींचे जवळपास सारखे दिसते. कुंडीत जातीचे नाव आणि खवले लावल्याचा महिना लिहिलेली पट्टी सुरुवातीलाच खोचावी. पेन्सिलने लिहावी, शाईचे अक्षर एका उन्हाळ्यात उडते.